पाचिंको यंत्रासाठी गोळ्या वर चढवणारी घरगुती यंत्रणा: मोटर सोपी, रांग अवघड

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांकडे १९७० च्या दशकातले एक जपानी पाचिंको यंत्र, म्हणजे खिळे ठोकलेल्या उभ्या फळीवर पोलादी गोळ्या उडवून त्या बक्षिसाच्या कप्प्यात पाडण्याच्या खेळाचे यंत्र, आहे आणि ते त्यांनी दुरुस्त करून चालू स्थितीत आणले आहे. खेळून झालेल्या गोळ्या यंत्राच्या मागून खाली ठेवलेल्या डब्यात पडतात आणि दर काही मिनिटांनी उठून तो डबा वरच्या टाकीत रिकामा करावा लागतो. हे काम मोटरीने व्हावे अशी त्यांची इच्छा आहे. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत: मोटर किती ताकदीची घ्यावी, आणि पुढेमागे एखादे आधुनिक विजेवरचे यंत्र घेतले तर हीच यंत्रणा त्याला चालेल का.

मी आजवर अशा चार यंत्रणा बांधल्या. त्यांतल्या दोन आजही चालतात आणि दोन मोडीत निघाल्या. मोडीत निघालेल्या दोन्हींमध्ये मी सगळा विचार मोटरीचाच केला होता, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन तो आधी बाजूला ठेवतो.

पाचिंकोची गोळी ११ मिलिमीटर व्यासाची पोलादी असते आणि तिचे वजन ५.४ ते ५.७ ग्रॅम असते. जपानमधील नियमांनुसार यंत्रातून मिनिटाला १०० पेक्षा जास्त गोळ्या उडवता येत नाहीत. म्हणजे सतत खेळणाऱ्या माणसामागे मिनिटाला जास्तीत जास्त साधारण ५५० ग्रॅम पोलाद खाली येते. यंत्राची चौकट सुमारे ८१ सेंटिमीटर उंच असते, तेव्हा चढण ८० सेंटिमीटर धरू. एवढे वजन एवढ्या उंचीवर न्यायला मिनिटाला जेमतेम ४.३ ज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे एका वॅटचा दहावा हिस्साही नाही. खेळण्यातली मोटरसुद्धा हे काम करील. तरीही घरी बनवलेल्या बहुतेक यंत्रणा पहिल्याच दिवशी अडकतात, कारण मोटरीची ताकद उचलण्यात खर्चच होत नाही. ती खर्च होते अडकलेल्या गोळीशी भांडण्यात.

खरा प्रश्न दोन भागांचा आहे. ढिगात पडलेल्या गोळ्या एकेक करून, न चुकता, चढणीच्या तोंडाशी कशा आणायच्या, हा पहिला भाग. चढण्याचा वेग आणि टाकी रिकामी होण्याचा वेग यांचा मेळ कसा घालायचा, हा दुसरा. दुसरा भाग आधी घेतो, कारण कोणत्या प्रकारची यंत्रणा बांधायची हे त्यावरूनच ठरते.

पुष्कळांची समजूत अशी असते की जितक्या गोळ्या उडवल्या तितक्या वर चढवल्या की झाले. उडवलेल्या गोळीचा हिशेब या समजुतीने बरोबर येतो. ती हुकून तळाच्या भोकात गेली काय किंवा बक्षिसाच्या कप्प्यात गेली काय, शेवटी मागूनच खाली पडते. बक्षिसाच्या गोळ्या मात्र वरच्या टाकीतून सुटतात आणि खेळणाऱ्याच्या पुढ्यातल्या ताटलीत येऊन बसतात. त्या उडवल्या जाईपर्यंत मागे परतत नाहीत. जुन्या यंत्रात एका यशस्वी गोळीमागे बहुतेक वेळा १५ गोळ्या मिळतात, त्या गोळीच्याच वजनाने एक तरफ कलते आणि मोजून ठेवलेला घास सुटतो. हाताने खेळताना हा ओघ बेताचा राहतो. आधुनिक यंत्रात मोठे बक्षीस लागल्यावर एका फेरीत दहा गोळ्या आत गेल्या आणि प्रत्येकीमागे १५ मिळाल्या, तर १५० गोळ्या टाकीतून सुटल्या. ती फेरी वीस सेकंदांत संपली असे धरले, तर हा वेग मिनिटाला ४५० होतो, आणि त्याच वीस सेकंदांत मागून खाली पडलेल्या गोळ्या फार तर ३३ असतात.

याचा अर्थ असा की खाली पडलेली प्रत्येक गोळी तत्काळ वर गेली तरी टाकी रिकामी होणारच. उपाय वेगात नसून साठ्यात आहे. खाली एक मोठा डबा ठेवावा, त्यात खेळाला लागतात त्याच्या कितीतरी जास्त गोळ्या असाव्यात, आणि यंत्रणेने खाली काय पडले याचा विचार न करता टाकी भरेपर्यंत त्या डब्यातून गोळ्या चढवत राहावे. जपानमधल्या पाचिंकोघरांत तत्त्व हेच आहे. यंत्रांची पाठीला पाठ लावलेली जी रांग असते तिला तिथे ‘शिमा’, म्हणजे बेट, म्हणतात. त्या बेटाच्या पोटात गोळ्यांचा सामाईक साठा असतो, तो वर चढता चढता घासून स्वच्छ होतो आणि वरच्या पन्हळीतून उताराने प्रत्येक यंत्राच्या टाकीत उतरतो. ही सोय येण्याआधी रांगेच्या मागे माणसे उभी राहून टाक्यांमध्ये गोळ्या ओतत असत. तुम्ही आज घरी तीच नोकरी करत आहात.

तुमच्या जुन्या, हाताने उडवायच्या यंत्राला मिनिटाला ६० गोळ्या चढवणारी यंत्रणा आणि खाली पाच-सहाशे गोळ्यांचा साठा पुरेसा होतो. विजेच्या हँडलच्या यंत्राला मी मिनिटाला २०० च्या खालचा वेग सुचवणार नाही आणि साठा दोन हजारांचा ठेवीन. दोन हजार गोळ्यांचे वजन ११ किलो भरते. हे वजन खालीच राहणार असल्याने यंत्राच्या घडवंचीला त्याचा फायदाच होतो, मात्र डब्याचा तळ तेवढा मजबूत हवा. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘एकच यंत्रणा दोन्हींना चालेल, पण मग ती मोठ्या यंत्राच्या मापाने बांधावी लागेल’ असे आहे. आधुनिक यंत्र कधी येईल हे नक्की नसेल, तर आज लहान बांधावी असे माझे मत आहे. एक सावधगिरी मात्र घ्या. २०२३ पासून जपानमध्ये अशीही यंत्रे आली आहेत ज्यांत गोळ्या यंत्राच्या आतच बंदिस्त फिरतात आणि खेळणाऱ्याचा हात त्यांना लागतच नाही. असले यंत्र घेतलेत तर बाहेरच्या यंत्रणेचा प्रश्नच उरत नाही.

आता चढवण्याच्या पद्धती. मोठे चाक, पट्ट्याला लावलेले कप्पे, हवेचा झोत, चुंबक, मळसूत्र आणि खालून ढकलणारा दट्ट्या असे सगळे प्रकार लोकांनी करून पाहिले आहेत. चाकाचा व्यास चढणीपेक्षा मोठा लागतो, त्यामुळे ते खोलीत मावत नाही. हवेचा झोत बहिरे करतो. पट्ट्यावरचे कप्पे, म्हणजे आपले रहाटगाडगे, चांगले चालते, पण पट्ट्याचा ताण आणि दोन्ही टोकांची चाके एका रेषेत ठेवायला हात बसलेला लागतो. चुंबकाचा मोह सगळ्यांना होतो, कारण गोळी पोलादी आहे. मीही पट्ट्यावर लहान चुंबक चिकटवून गोळ्या वर नेल्या होत्या आणि पहिला आठवडा फार खुशीत गेला. नंतर गोळ्यांमध्येच थोडे चुंबकत्व उतरले. टाकीच्या अरुंद वाटेत त्या एकमेकींना धरून बसू लागल्या आणि बक्षिसाचा घास कधी तेराचा तर कधी चौदाचा सुटू लागला. शिवाय आधुनिक यंत्रांत लबाडी पकडण्यासाठी चुंबक ओळखणारे सेन्सर असतात, त्यांच्या शेजारी चुंबकांचा पट्टा फिरवणे म्हणजे रोज खोटी ओरड ऐकणे आहे.

उरतात ते दट्ट्या आणि मळसूत्र. तुमच्या यंत्रासाठी मी दट्ट्या निवडीन.

दट्ट्याची कल्पना सोपी आहे. उभ्या नळीत गोळीवर गोळी अशी उतरंड असते. तळाशी बाजूने एक गोळी घरंगळत दट्ट्याच्या माथ्यावर येते, दट्ट्या वर जातो, सगळी उतरंड एका गोळीने वर सरकते आणि नळीच्या वरच्या टोकातून एक गोळी बाहेर पडते. दट्ट्या खाली येताना उतरंड परत घसरू नये म्हणून नळीच्या बाजूला स्प्रिंगवर दबणाऱ्या दोन लहान खिट्ट्या असतात. गोळी वर जाताना त्या बाहेर ढकलल्या जातात आणि गोळी पुढे गेली की तिच्या पोटाखाली परत आत येतात. ८० सेंटिमीटर चढणीतली प्रत्यक्ष नळी सुमारे ७५ सेंटिमीटरची होते, म्हणजे तिच्यात ६८ गोळ्या मावतात आणि त्यांचे वजन सुमारे ३७५ ग्रॅम होते.

इथे नळीचा आतला व्यास हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. माझ्या पहिल्या यंत्रणेत मी १५ मिलिमीटर आतल्या व्यासाची पारदर्शक नळी वापरली होती, कारण ती घरात पडलेली होती आणि गोळी तिच्यातून खुळखुळत जात होती. मला ते चांगले लक्षण वाटले. मोटर लावल्यावर नळी निम्म्याच्या आसपास भरली आणि मोटर गुरगुरून थांबली. जास्त ताकदीची मोटर लावली, तेव्हा आणखी दोन-तीन गोळ्या चढल्या आणि दट्ट्याची भुजा वाकली. नळी मोकळी करून हातात धरली, तर एकही गोळी खाली पडेना.

कारण असे होते. सैल नळीत गोळ्या एकीवर एक सरळ उभ्या राहत नाहीत. एक डाव्या भिंतीला टेकते, तिच्यावरची उजव्या भिंतीला, अशी नागमोडी रचना होते. १५ मिलिमीटरच्या नळीत दोन शेजारी गोळ्यांची केंद्रे एकमेकांपासून ४ मिलिमीटरने बाजूला सरकतात, म्हणजे त्यांना जोडणारी रेषा उभ्या रेषेपासून सुमारे २१ अंश कलते. वरचा भार मग नुसता खाली येत नाही, त्यातला बराचसा भाग गोळीला भिंतीवर दाबतो, आणि भिंतीवरचा दाब म्हणजे घर्षण. हे घर्षण ओलांडायला खालच्या गोळीला जास्त जोर द्यावा लागतो, तो जोर पुन्हा भिंतीवर दाब वाढवतो, आणि हा प्रकार चक्रवाढ व्याजासारखा खालपर्यंत वाढत जातो. पोलाद आणि प्लास्टिक यांच्यातले घर्षण मध्यम धरून मी हिशेब केला, तेव्हा १५ मिलिमीटरच्या नळीत दर गोळीमागे जोर सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो असे दिसले. त्या व्याजाने ३५ व्या गोळीपर्यंत दट्ट्याला पाच किलो वजनाइतका जोर लागतो, आणि ४० व्या गोळीला दहा किलोच्या जवळ. त्यापुढे काहीतरी मोडणारच. १२ मिलिमीटरच्या नळीत तोच कल ५ अंशांच्या आसपास राहतो, व्याज साडेतीन टक्क्यांवर येते आणि पूर्ण ६८ गोळ्यांच्या उतरंडीला दीड किलो वजनाइतका जोर पुरतो. हा जोर गोळ्यांच्या वजनाच्या चौपट आहे, पण तो आवाक्यातला आहे.

म्हणून नळीचा आतला व्यास ११.५ ते १२.५ मिलिमीटरच्या मध्ये असावा, भिंत ताठ असावी आणि नळी ओळंब्यात सरळ उभी असावी. लवचीक नळी घेऊन तिला वळण देण्याचा विचार मनातून काढून टाका, कारण वळणावर हीच नागमोड तुम्ही मुद्दाम तयार करता. नळी घेण्याआधी खिशात पाच-सहा गोळ्या ठेवा, नळीच्या दोन्ही टोकांतून त्या सोडून पाहा आणि कापलेल्या कडेचा कंगोरा आतून घासून काढा. वरच्या टोकालाही कोपराचा जोड लावू नका. नळी तिरकी कापा, म्हणजे वर आलेली गोळी खालच्या बाजूला आपसूक कलंडते आणि पन्हळीत पडते.

आता मोटरीचे उत्तर आकड्यात देता येते. दट्ट्याला गोळीच्या व्यासापेक्षा जास्त, म्हणजे १६ ते १८ मिलिमीटर हालचाल द्यावी. तेव्हा भुजेची त्रिज्या ८-९ मिलिमीटर होते, आणि दीड किलोच्या जोराला सुमारे १.४ किलोग्रॅम-सेंटिमीटर पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) लागतो. ४ ते ५ किलोग्रॅम-सेंटिमीटरची, मिनिटाला ६० फेरे देणारी १२ व्होल्टची गिअर मोटर घ्या. याहून बरीच मोठी घेऊ नका. ताकदवान मोटर अडकलेली गोळी सोडवत नाही, तिच्याभोवतीचे भाग फोडते. वेगही मिनिटाला ८० च्या वर नेऊ नका. आठ अंशांच्या उतारावरून गोळी दट्ट्याच्या माथ्यावर यायला सुमारे ०.१६ सेकंद लागतात. मिनिटाला १२० फेऱ्यांवर दट्ट्या खालच्या अर्ध्या भागात असतो तो काळच ०.२५ सेकंद, आणि तोंड पूर्ण उघडे असते ते त्याहून कमी. मग गोळी अर्धी आत असताना दट्ट्या वर येतो आणि तिला तोंडाच्या वरच्या ओठावर चेपतो. असे कधी ना कधी होणारच हे गृहीत धरून भुजा आणि दट्ट्या यांच्यामध्ये एक ताठ स्प्रिंग बसवा. साधारण तीन किलोच्या जोराला ती दबू लागली की दट्ट्या त्या फेरीपुरता माघार घेतो, गोळी घसरून जागेवर बसते आणि पुढची फेरी सुरळीत जाते. ही एक स्प्रिंग घातल्यापासून माझी यंत्रणा हाताने सोडवण्याची वेळ क्वचितच आली आहे.

मळसूत्राबद्दल एवढेच सांगतो की मोठ्या वेगासाठी तेच बरे. उभ्या दांड्यावर आटे असतात, शेजारी दोन उभ्या सळ्या असतात, आणि गोळी त्या सळ्यांच्या खाचेत अडकून गोल फिरू शकत नसल्याने आट्यावर बसून वर सरकते. २० ते २५ मिलिमीटरच्या पाइपवर ६ मिलिमीटरची ताठ नळी १६ मिलिमीटरच्या अंतराने गुंडाळून चिकटवली तरी घरगुती मळसूत्र तयार होते. सळ्यांमधली फट ७-८ मिलिमीटर ठेवावी. एका फेऱ्याला एका खाचेतून एक गोळी वर जाते, म्हणून वेग दुप्पट करण्यासाठी फेरे वाढवण्याऐवजी त्याच मळसूत्राच्या दुसऱ्या बाजूला आणखी दोन सळ्या उभ्या कराव्यात. मिनिटाला १०० फेरे आणि दोन खाचा म्हणजे २०० गोळ्या. तुकड्यांत छापलेले मळसूत्र जोडत असाल तर सांध्यावरची पायरी बोटाला लागता कामा नये. बोटाला लागली तर गोळीला लागतेच.

येथवर चढण झाली. आता खालची रांग, जिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि जिच्याबद्दल विचारणारे सगळ्यात कमी असतात.

डब्याच्या तळाला भोक पाडून गोळ्या आपोआप ओळीने येतील ही अपेक्षा चुकीची आहे. भोक दोन-तीन गोळ्यांएवढे रुंद असेल तर गोळ्या त्याच्यावर कमान धरतात. दगडी कमानीत जसे दगड एकमेकांना धरून उभे राहतात तशा त्या बसतात, आणि वर कितीही वजन असले तरी कमान मोडत नाही, उलट घट्ट होते. डबा हलवला की सुटते आणि पन्नास गोळ्यांनंतर पुन्हा धरते. भोक पाच-सहा गोळ्यांएवढे रुंद केले तर कमान धरत नाही, पण मग गोळ्या ओळीने येण्याऐवजी लोंढ्याने येतात.

माझ्याकडे टिकलेला उपाय म्हणजे तिरकी फिरती तबकडी. डब्याचा तळ एका बाजूला ३५ ते ४० अंश तिरका ठेवायचा आणि त्या तळावर एक गोल तबकडी सावकाश फिरवायची. तबकडीच्या कडेला १२.५ मिलिमीटरची भोके असतात. ढिगातून जाताना प्रत्येक भोकात एक गोळी बसते, वर जाताना बाकीच्या घरंगळून ढिगात परततात, आणि सर्वांत वरच्या जागी तळाला पाडलेल्या खिडकीतून ती एकटी गोळी पन्हळीत पडते. बारा भोकांची तबकडी मिनिटाला सात फेरे फिरली तरी ८४ गोळ्या होतात, म्हणजे तुमच्या दट्ट्याला पुरून उरतात. जादा गोळ्या पन्हळीत रांग लावून उभ्या राहतात, आणि पन्हळ भरली की खिडकीतली गोळी खाली पडूच शकत नाही, ती तशीच भोकात बसून पुढे निघून जाते. इथे कोणताही स्विच लागत नाही.

या तबकडीत एक बारकावा आहे, जो मला दोन तबकड्या फोडल्यावर कळला. तबकडीची जाडी गोळीच्या व्यासापेक्षा कमी, म्हणजे ९ ते १० मिलिमीटर हवी. मी आधी १४ मिलिमीटरच्या जाड फळीची केली होती, गोळी नीट आत बसावी म्हणून. तिच्यात खालची गोळी पूर्ण बुडायची आणि वर जो तीन मिलिमीटरचा खळगा उरायचा त्यात दुसरी गोळी टेकायची. ती खिडकीजवळच्या कडेपर्यंत तशीच जायची आणि तिथे तबकडी व आच्छादन यांच्यामध्ये कात्रीत सापडल्यासारखी अडकायची. पातळ तबकडीत गोळीचा माथा एक-दोन मिलिमीटर वर डोकावतो, त्यावर दुसरी गोळी टिकूच शकत नाही. तरीही एखादी टिकली तर तिला ढकलायला वरच्या बाजूला मऊ ब्रश लावा, पत्र्याची पट्टी लावू नका.

रांग सरळ ठेवण्याचे आणखी एक साधन तुमच्या यंत्राच्या पाठीवरच पाहायला मिळेल. पाचिंको यंत्रांच्या टाकीतून निघणाऱ्या उतारावर पुष्कळदा एक लहान वजन लोंबकळत असते. गोळ्यांवर गोळ्या चढून आल्या तर ते वरच्या थराला मागे ढकलते आणि खालून एकच थर पुढे जाऊ देते. हेच लोंबते वजन मी माझ्या पन्हळीवर नकलून घेतले आहे. नवे काही शोधण्याआधी यंत्राची पाठ नीट पाहावी, हा धडा मी त्या वजनाकडून घेतला.

टाकी भरल्यावर थांबण्याची सोय हा पुढचा भाग आहे. वरच्या पन्हळीच्या तळात लांब पट्टीचा मायक्रोस्विच बसवा. टाकी भरली की गोळ्या पन्हळीत मागे साचतात, पट्टीवर गोळी उभी राहते आणि मोटर बंद होते. नुसती घरंगळत जाणारी गोळीही पट्टी क्षणभर दाबते, म्हणून सलग चार-पाच सेकंद दाबलेली राहिली तरच मोटर थांबेल असा विलंब ठेवा. स्विचचे जोड असे करा की तार तुटली तर मोटर बंद पडेल. मी हे उलटे केले होते. एका रात्री झोपण्याआधी यंत्रणा चालू राहिली, स्विचच्या पायाशी डाग दिलेली तार सुटली होती, आणि टाकी भरून गोळ्या यंत्राच्या मागच्या बाजूने जमिनीवर पडू लागल्या. तीन-चारशे पोलादी गोळ्या फरशीवरून रात्री पळताना जो आवाज होतो तो एकदा ऐकला की माणूस जोड सरळ करतो. आताच्या यंत्रणेत स्विच कधीतरी बिघडेलच असे धरून टाकीच्या कडेला एक सांडवाही ठेवला आहे. जादा गोळ्या त्यातून एका रुंद नळीने थेट खालच्या डब्यात जातात. ही नळी मात्र सैलच हवी, २५ मिलिमीटरची चालेल, कारण तिच्यात गोळ्या ढकलायच्या नसून पडू द्यायच्या आहेत.

वीजपुरवठा यंत्रापासून पूर्ण वेगळा ठेवा. जुन्या यंत्रात विजेचा उपयोग दिव्यांपुरता असतो, आधुनिक यंत्र २४ व्होल्ट एसीवर चालते, आणि दोन्हींच्या आतल्या तारांतून मोटरीसाठी वीज काढणे योग्य नाही. मोटर सुरू होताना आणि अडताना जो झटका बसतो तो यंत्राच्या सर्किटला सोसवत नाही. स्वतंत्र १२ व्होल्टचा अडॅप्टर, त्याच्या ओळीत मोटरीच्या मापाचा फ्यूज, आणि हात पोचेल असा एक बंद करण्याचा खटका एवढे पुरे. अडकलेली गोळी काढताना तो खटका आधी बंद करायचा, दबलेल्या स्प्रिंगमध्ये बोट जायला वेळ लागत नाही.

यंत्रणा यंत्राच्या चौकटीला जोडू नका, खालच्या घडवंचीला किंवा वेगळ्या फळीला जोडा. पाचिंको यंत्र ओळंब्यात उभे नसते, ते किंचित मागे कललेले असते. ८१ सेंटिमीटर उंचीत साडेतेरा मिलिमीटर हा कल नेहमी सांगितला जातो, म्हणजे एक अंशाहूनही थोडा कमी. खिळ्यांवरून गोळी कशी उतरते हे या कलावर अवलंबून असते. चौकटीला मोटर आणि नळी जोडली की दोन गोष्टी बिघडतात: वजनाने कल बदलतो आणि मोटरीच्या थरथरीने खिळ्यावर रेंगाळणारी गोळी वेळेआधी सुटते. जुन्या यंत्रात तर बक्षिसाची तरफ गोळीच्या साडेपाच ग्रॅम वजनावर चालते, तिला थरथर अजिबात मानवत नाही. यंत्रणेची पन्हळ टाकीच्या वर अधांतरी संपू द्या, तिचा टाकीला स्पर्श होता कामा नये, आणि गोळी पडण्याची उंची दोन-तीन सेंटिमीटरच्या वर नको. टाकीत जिथे गोळी पडते तिथे रबराचा पातळ तुकडा चिकटवला की निम्मा आवाज तिथेच संपतो.

गोळ्यांच्या स्वच्छतेवर मी पूर्वी हसत असे. यंत्रणा बसवल्यावर त्याच गोळ्या दिवसातून कितीतरी वेळा फिरतात आणि त्यांच्यावरचा काळा थर नळीच्या भिंतीवर उतरतो. घर्षण वाढते, आणि वर सांगितलेला चक्रवाढीचा हिशेब साडेतीन टक्क्यांवर राहत नाही. तेल लावून हे सुटत नाही, तेलात धूळ बसून लेप तयार होतो. गोळ्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवाव्यात, लगेच टॉवेलमध्ये घोळवून पूर्ण कोरड्या कराव्यात, आणि नळीतून महिन्या-दोन महिन्यांनी दोरीला बांधलेले कोरडे फडके ओढावे. गंजाचा ठिपका पडलेली किंवा चपटी झालेली गोळी दिसली की ती परत डब्यात टाकू नका. एकच खराब गोळी दर फेरीला त्याच जागी अडते आणि तुम्ही दिवसभर यंत्रणेत दोष शोधत बसता.

बांधण्याचा क्रम माझ्या मते असा असावा: आधी डबा, तबकडी आणि पन्हळ तयार करावी, नळी आणि दट्ट्या नंतर. पन्हळीच्या टोकाशी एक वाडगे धरून तबकडी तासभर चालवावी आणि वाडगे भरले की परत डब्यात ओतावे. हाताने ओतायचा कंटाळा येईल, पण हा तास चुकवू नका. मिनिटाला ८४ च्या वेगाने तासाभरात पाच हजार गोळ्या जातात, आणि तेवढ्यात एकदाही बोट लावावे लागले नाही तरच पुढे जावे. त्यानंतर नळी चढवा आणि टाकीला न जोडता वरून पडणाऱ्या गोळ्या पुन्हा खालच्या डब्यातच सोडून आणखी एक तास चालवा. या दुसऱ्या तासात मोटरीवर हात ठेवून पाहा. ती कोमट झाली तर ठीक आहे. हात ठेववत नसेल इतकी तापली, तर मोठी मोटर मागवू नका, नळीचा आतला व्यास पुन्हा मोजा.